शिट्टीकाकांचा पक्का नियम

शिट्टीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं रिसॉर्टमध्ये आता कोणी उरलेलं नाही. बावीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून माणूस तीन तलावांच्या कडेने फिरतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार? आधी पाहुण्यांची पोरं ओरडायला लागली, मग वेटर, मग मॅनेजर, आणि एक दिवस हजेरीच्या यादीतसुद्धा तेच छापून आलं. काकांनी तक्रार केली नाही. तक्रार करणं त्यांच्या स्वभावातच नाही, असं तिथले लोक म्हणायचे. साफ खोटं. काका दिवसभर तक्रार करायचे, फक्त मनातल्या मनात, आणि घरी आल्यावर खणखणीत आवाजात. बुडणाऱ्या नऊ जणांना त्यांनी आजवर पाण्यातून ओढून काढलं, त्याबद्दल कधी एक अवाक्षर नाही. बोलायचे ते राजहंसांबद्दल.

म्हणजे हवा भरायचे राजहंस. मगरी. घोडे. एवढाले डोनट. माणूस आरामात आडवा होईल असा अननस. या फुगवलेल्या गोतावळ्याने काकांचं आयुष्य नासवलं होतं, आणि त्यात त्या बिचाऱ्या मगरींचा काही दोष नव्हता. दोष होता पाट्यांचा.

त्या रिसॉर्टमध्ये दर पाच-सहा वर्षांनी मॅनेजर बदलायचा, आणि प्रत्येक नवा मॅनेजर आल्या आल्या तलावाशी एक पाटी लावायचा. आधीच्याची पाटी काढायची मात्र कोणालाच सुचायचं नाही. पहिली पाटी म्हणायची, मोठ्या तलावात हवेची खेळणी बंद, सहा वर्षांखालच्या मुलांना चालतील. दुसरी म्हणायची, चालतील, पण प्राण्यांच्या आकाराची नकोत. तिसरी म्हणायची, दुपारी बारापर्यंत सगळी चालतील. चौथ्या मॅनेजरने तर कहर केला. वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोल्यांतल्या पाहुण्यांना कधीही, काहीही चालेल, असं त्याने तोंडी सांगितलं आणि पाटी मात्र लावली 'सर्वांना समान वागणूक' अशी. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे तलावापासून साठ पावलांवर रिसॉर्टचंच दुकान, आणि दुकानाच्या दारात टांगलेला सहा फुटी गुलाबी राजहंस. पाहुणा तो हौसेने विकत घ्यायचा, पोराच्या डोक्यावर ठेवून मिरवत आणायचा, आणि पाण्यात पाय टाकतो न टाकतो तोच काकांची शिट्टी.

"अहो, तुमच्याच दुकानातून घेतलाय ना!"

"हो साहेब. पण तो प्राणी आहे."

"आणि तो डोनट?"

"डोनट प्राणी नाही."

"मग त्या बाईंच्या मगरीला कसं सोडलंत?"

बाई वरच्या मजल्यावरच्या. आता हे काकांनी कोणत्या तोंडाने सांगायचं? ते मूग गिळून उभे राहायचे आणि पाहुणा त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून निघून जायचा. एका गृहस्थाने तर मणक्यासाठी राजहंसच हवा असं डॉक्टरी प्रमाणपत्र आणलं होतं. काकांनी चष्मा लावून वाचलं, तर खाली सही दाताच्या डॉक्टरची. त्याचा मेव्हणा. चालू द्या म्हटलं तर दुसरे भांडणार, नाही म्हटलं तर हा. काकांनी हात टेकले. त्या दिवशी त्या मणक्याने राजहंसावर पडून पाच तास वर्तमानपत्र वाचलं.

हे सगळं घरी आल्यावर ऐकायला एकच माणूस उत्सुक असायचं, काकांची लेक. वय सत्तावीस. लहानपणापासून घरात तिला वकीलबाई म्हणत, कारण तीन वर्षांची असताना 'दूध पी' म्हटलं तर 'कोणी सांगितलं?' असं विचारायची. पुढे तिने वकिली केली नाही, पण त्या गल्लीतला एकूण एक अर्ज तिने लिहिला. कोणाची बदली थांबवायची, कोणाच्या पोराला शाळेत घ्यायचं, कोणाच्या नळाला पाणी येत नाही. माणसं दारात येऊन आपली रडगाणी सांगायची आणि वकीलबाई त्यातून नेमकं हवं ते उचलून अशी एक पानभर तोफ डागायची की कचेरीतला माणूस खुर्चीतून उठलाच पाहिजे. खुर्चीतून ती स्वतः मात्र उठू शकत नव्हती. पाय जन्मापासून आखडलेले. चाकाची खुर्ची, पलंग, परत खुर्ची, एवढंच तिचं जग.

सोमवार सोडून.

सोमवारी मोठा तलाव सफाईसाठी दहापर्यंत बंद असायचा. भाजीच्या गाडीचा ड्रायव्हर सहाला काकांच्या दारात यायचा, काका लेकीला उचलून पुढच्या सीटवर बसवायचे, खुर्ची मागे टोपल्यांच्या मधे, आणि सातला ती तलावात असायची. शहरातल्या सार्वजनिक तलावाला नुसती उभी शिडी, तिथे हिला उतरवायचं तर चार माणसं हवीत. इथे मोठ्या तलावाला एका बाजूने उतार होता. काका तिला धरून उतारावरून न्यायचे, काखेत एक जाड निळी रिंग अडकवायचे, आणि पाणी छातीपर्यंत आलं की तिचे पाय हळूहळू सरळ व्हायचे. टाचा फरशीला टेकायच्या. ती उभी राहायची! कोणी न धरता, दोन्ही हात मोकळे, ताठ. उभी राहिली की ती बापापेक्षा दोन बोटं उंच होती, हे दोघांनाही तिथेच कळलं. मग ती चालायची. चौदा पावलं जायची, चौदा यायची. रंगीत जाकिटं घालून बघितली होती, पण जाकीट घातलं की पाय वर यायचे आणि ती उताणी व्हायची. रिंगेतच जमायचं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आठवड्यातून एक तास तरी असं उभं राहायलाच हवं, नाहीतर गुडघे कायमचे मिटतील, मग उघडणार नाहीत.

याला परवानगी होती का? लेखी काही नव्हतं. आठ वर्षांपूर्वीचा मॅनेजर म्हणाला होता, "करा काका, मी काही बघितलेलं नाही," आणि मग प्रत्येक नव्या मॅनेजरने ते न बघणं इमानाने पुढे चालवलं. घरात त्या रिंगेला रिंग म्हणायची पद्धतच नव्हती. वकीलबाईंनी तिचं नाव ठेवलं होतं 'काठी'. "बाबा, काठी घेतली का?" असं विचारूनच ती घरातून निघायची.

तर असं सगळं चाललेलं असताना आला पाचवा मॅनेजर. वयाने तिशीतला, मऊ बोलणारा, काकांना 'अहोजाहो' करणारा. महिनाभर त्याने तलावाशी उभं राहून भांडणं ऐकली आणि मग काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, बावीस वर्षं तुम्ही हे झेलताय. मी लावीन ती पाचवी पाटी होईल, बाकी काही बदलणार नाही. तुम्हीच सांगा काय नियम असावा. एकच नियम, पण असा लिहून आणा की कोणाला फाटे फोडता येऊ नयेत. मी तसाच्या तसा वर पाठवतो."

बावीस वर्षांत त्या माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं. काका त्या दिवशी घरी आले ते जवळजवळ नाचतच.

रविवारची दुपार. काकांची बायको भाकरी-भाजीच्या पसाऱ्यातून मोकळी होऊन आडवी झाली होती. ती पावाच्या कारखान्यात कामाला, पहाटे साडेचारला घर सोडायची, तिला ती एकच दुपार मिळायची. बापलेक टेबलाशी बसले. वकीलबाईंनी कोरा कागद घेतला, पेन झटकलं.

"बोला अशील. काय बंद करायचंय?"

"सगळं," काका म्हणाले. "हवा भरलेलं सगळं. तिन्ही तलावांत."

"हवा भरलेलं म्हटलं तर उद्या कोणी थर्मोकोलचा घोडा आणेल. 'हवा भरलेली अथवा तरंगणारी कोणतीही वस्तू.' रिसॉर्टची जाकिटं सोडून. बरोबर?"

"वा! आणि वय, आकार, वेळ, काही बघायचं नाही."

"'वय, आकार व वेळ न पाहता.' तुमचा तो मणका? तो उद्या परत प्रमाणपत्र आणेल."

काका हसायलाच लागले. "त्याला बसव जरा."

"हे घ्या. 'वैद्यकीय कारण सांगितले अथवा प्रमाणपत्र दाखवले तरी सवलत मिळणार नाही;' इथे अर्धविराम. आता कोण राहिलं?"

"त्या सहायक मॅनेजरची मेव्हणी. दर सुट्टीत मगर घेऊन येते आणि वर म्हणते, मी घरचीच आहे."

"'पाहुणे, कर्मचारी व कर्मचाऱ्यांचे नातेवाईक यांपैकी कोणासही.' झाली मेव्हणी. आणि ती लग्नाची मंडळी, तलाव बंद झाल्यावर कुंपणावरून उड्या मारून आलेली? म्हणाले होते ना, नियम तलाव उघडा असतानाचा आहे?"

"हो, हो! लिही, 'तलाव सुरू असो वा बंद.'"

दोघं इतकी हसत होती की आतून बायको ओरडली, "झोपू द्याल का मला?" काकांनी तोंडावर हात धरला. लेकीने शेवटची ओळ लिहिली, 'या नियमास अपवाद नाही,' आणि खाली झोकात रेघ ओढली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार पोरगी, एवढा पोक्त बाप, दोघांनाही दिसलं नाही? नाही दिसलं. मीही यावर पुष्कळ डोकं खाजवलंय आणि मला एवढंच सुचतं की सोमवार त्यांच्या लेखी रिसॉर्टचा नव्हताच. सोमवार घरचा होता. पाहुणे वेगळे, मगरी वेगळ्या, आणि काठी ती काठी. आपल्या घराचं दार कोणी सरकारी नकाशात शोधत बसतं का? शिवाय ती दुपार फार छान होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापाच्या बाजूने काहीतरी लिहायला मिळालं म्हणून लेक खूश होती, आणि लेक खूश म्हणून बाप.

मॅनेजरने कागद वाचला आणि दोनदा 'वा' म्हणाला. कागद वर गेला. वर म्हणजे दूरच्या शहरातलं मुख्य कार्यालय, जिथे बसून काही मंडळी सात रिसॉर्ट हाकायची. त्यांनाही तो इतका आवडला की एक शब्द न बदलता त्यांनी तो सातही ठिकाणी लावला. जुन्या चारही पाट्या उतरवल्या. दुकानातला राजहंससुद्धा गेला. नियम नीट पाळला जातो की नाही हे बघायला प्रत्येक तलावावर कॅमेरे बसले, त्यांची चित्रं थेट मुख्य कार्यालयात. काकांचा फोटो काढून, खाली 'नियम सुचवणारे' असं छापून, तो सातही ठिकाणच्या फलकांवर लावला. काकांनी ते घरी सांगितलं नाही, पण तीन दिवस केस नीट विंचरून कामावर गेले.

आणि खरंच, भांडणं थांबली. "सगळ्यांना बंद? मग ठीक आहे," असं म्हणून माणसं मुकाट्याने आपापले अननस परत खोलीत नेऊ लागली. काका म्हणायचे, बघा, माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही हे सहन होत नाही.

दुसऱ्या शनिवारी एक बाई आली. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी, पायांना पट्टे, आणि बाईच्या हातात पिवळी रिंग. काकांनी मुलीच्या पायांकडे बघितलं आणि तोंडातली शिट्टी काढली. पण डोक्यावर कॅमेरा, आजूबाजूला शंभर माणसं, आणि त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी दोन मगरी परत पाठवलेल्या.

"बाई, नियम आहे. जाकीट देतो मी."

"जाकिटात ती उलटी होते हो. तुम्हाला नाही कळायचं."

कळत होतं. त्या सबंध रिसॉर्टमध्ये कळणारा तो एकच माणूस होता. ते हळूच म्हणाले, "सोमवारी सकाळी सात वाजता या. तलाव बंद असतो. मी असतो."

"आम्ही उद्या निघणार," बाई म्हणाली. मुलीला तिने कडेला बसवलं, मुलीने थोडा वेळ पाण्यात बोटं घातली, मग दोघी गेल्या. जाताना बाईने फलकावरच्या काकांच्या फोटोखालची ओळ नीट वाचली. पुढच्या आठवड्यात तिने मुख्य कार्यालयाला खरमरीत पत्र लिहिलं, कोर्टात खेचीन म्हणाली. तिला उत्तर गेलं की हा नियम सातही ठिकाणी, सर्वांना, कोणत्याही अपवादाविना लागू आहे, आणि आजवर एकही सवलत दिलेली नाही.

आणि वर बंद तलावांचे कॅमेरेही बघितले जाऊ लागले. त्यानंतरच्या सोमवारी वकीलबाई नवव्या पावलावर असताना सफाईवाल्याच्या टेबलावरचा फोन वाजला. फोन काकांसाठी होता. दूरच्या शहरातला एक आवाज अगदी अदबीने म्हणाला, "सर, तलावात एक निळी वस्तू दिसतेय. काढून घ्याल का?"

काकांना आधी समजलंच नाही. मग समजलं. लेकीला त्यांनी "आज लवकर निघू, मला काम आहे," एवढंच सांगितलं आणि तिला पाण्याबाहेर आणलं.

मॅनेजरने त्यांना बसवलं, पाणी दिलं. तो माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट.

"काका, मी आल्यापासून दर सोमवारी त्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढून बसतो. पण कॅमेऱ्याला पडदा कसा लावू?"

"एक ओळ घाला साहेब. सोमवार सकाळ सोडून. एवढीच."

"विचारलं मी, तुम्ही यायच्या आधीच. ते म्हणतात, त्या बाईंना आपण लेखी दिलंय की अपवाद नाही. आणि आपल्याच माणसाच्या मुलीला दिला हे बाहेर आलं तर? त्या बाईंना परत पाठवणारा माणूस कोण, तर..." तो थांबला. "तुमच्यावर मी काही येऊ देणार नाही, काका. पण परत दिसलं तर माझ्या हातात राहणार नाही."

काका उठले. दाराशी जाऊन परत वळले. "साहेब, तो नियम काढूनच टाकला तर? पहिल्यासारखं? चार पाट्या परत लावू. भांडू देत लोकांना, मी झेलतो. मी झेलेन साहेब!"

मॅनेजरने उठून त्यांच्यासाठी दार उघडलं.

घरी काकांनी सांगितलं की वरून काहीतरी नवीन आलंय. लेकीने हात पुढे केला, "दाखवा कागद." त्यांनी खिशातून घडी काढून दिली. छापील होता, वर रिसॉर्टचं चिन्ह, खाली कोणाची तरी सही. तिने वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हा अर्धविराम माझा आहे."

मग तिने सबंध वाचला. वैद्यकीय कारण. नातेवाईक. सुरू असो वा बंद. एकेका शब्दापाशी तिला आपलंच हसू ऐकू येत असणार. बायको कणीक मळता मळता थांबली होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. "तुम्हा दोघांची अक्कल एकाच वेळी कशी गेली गं?" असं म्हणाली आणि कणकेच्या हातांनीच डोळे पुसले.

पण वकीलबाई ती वकीलबाईच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद पुढे ओढले. सबंध गल्लीचे अर्ज लिहिले, स्वतःचा लिहिता येणार नाही? तिने वैद्यकीय कारणावरून सुरुवात केली, तर ते कलम तिथे बसलेलं. कर्मचाऱ्याचं कुटुंब म्हणून मागावं, तर तेही बुजवलेलं. तलाव बंद असतो, कोणाला त्रास नाही; तेही. ही तरंगणारी वस्तू नव्हे, आधाराचं साधन आहे. 'कोणतीही वस्तू' म्हटलेलं. तीन दिवसांत सात कागद फाडले. काका कामावरून आले की ती मान वर न करता लिहीतच असायची, आणि काकांना दारातच बूट काढत उगाच रेंगाळावंसं वाटायचं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, समोरची वकील फार चांगली आहे हो. एक पळवाट ठेवली नाही तिने."

शेवटी तिने जे आयुष्यात कधी कोणासाठी लिहिलं नव्हतं ते लिहिलं. विनवणी. तीन ओळी. की मी अमुक अमुक, मला त्या पाण्यात उभं राहता येतं, दुसरीकडे येत नाही, कृपा करावी. पत्र लिहून झाल्यावर ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पत्राबद्दल आभार मानलेले होते आणि सोबत नियमाची प्रत जोडलेली होती. तिच्या सोयीसाठी तिला लागू असलेली ओळ पिवळ्या रंगाने रंगवून दिली होती.

काका म्हणाले, "मरू देत ती रिंग. मी धरतो तुला. हात धरायला तर बंदी नाही?"

हात धरायला बंदी नव्हती. त्या सोमवारी ते तिला घेऊन पाण्यात उतरले, मागून दोन्ही काखांत हात घालून तिला पेलून धरलं. ती सत्तावीस वर्षांची, ते सत्तावन्न वर्षांचे, आणि उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखरा, माणसं ओढून काढण्यातच गेलेला. पाय सरळ व्हायला दहा मिनिटं लागतात, घाई करून चालत नाही. चार मिनिटं त्यांनी धरलं. "बाबा, ठेवा आता, हात कापतायत तुमचे," ती म्हणाली. "गप्प बस," ते म्हणाले. पाचव्या मिनिटाला खांद्यातून कळ निघाली, हात सुटला आणि साडेतीन फूट पाण्यात ती तोंडावर गेली. नऊ जणांना वाचवलेल्या माणसाला आपल्या लेकीला वर काढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. ती खोकत होती, नाकातोंडातून पाणी येत होतं. टेबलावरचा फोन वाजला. दूरच्या शहरातला तोच अदबशीर आवाज विचारत होता, सगळं ठीक आहे ना? सफाईवाल्याने फोन उंच धरून काकांकडे बघितलं. काकांनी हात वर करून ठीक असल्याची खूण केली.

घर आलं तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी झोपून घ्या तुम्ही. आठ वर्षांत एका सोमवारी झोपला नाहीत. मलाही कंटाळा आलाय खरं सांगायचं तर." काकांनी भाजीवाल्या ड्रायव्हरला पुढच्या वेळी थांबू नको म्हणून सांगितलं. ड्रायव्हरने का म्हणून विचारलं नाही, त्याला रिसॉर्टमध्ये कळलंच असणार.

तो आठवडा काकांनी शिट्टी वाजवली, जाकिटं वाटली, एका पोराला पळताना पडता पडता धरलं. भांडण एकही झालं नाही. एका पाहुण्याने त्यांना ओळखून सोबत फोटो काढून घेतला, म्हणाला, असा सरळ नियम सगळीकडे हवा.

सोमवारी पहाटे बायको कामाला गेली तेव्हा त्यांना जाग आली होती. खांदा ठणकत होता. आता डोळा लागणार नाही, पडून राहू नुसतं, असं म्हणून त्यांनी कूस बदलली, आणि लागला की डोळा! कसली झोप म्हणावी ती, आठ वर्षांची साचलेली. उठले तेव्हा साडेआठ वाजले होते, ऊन पलंगावर आलं होतं, खांदा हलका होता, आणि क्षणभर त्यांना इतकं बरं वाटलं की ते पडल्या पडल्या स्वतःशीच हसले. मग आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते बाहेरच्या खोलीत आले. लेक खुर्चीत दाराशी बसली होती. केस घट्ट बांधलेले, अंगात पोहायचे कपडे, वरून शर्ट, मांडीवर टॉवेल. ते कपडे आईच्या मदतीशिवाय घालायला तिला पाऊण तास लागतो. नेहमीसारखी सहाच्या गाडीच्या वेळेलाच ती तयार होऊन बसली होती.

"अगं," काका म्हणाले, "उठवायचं नाही का मला?"

"दोनदा आले होते आत," ती म्हणाली. "छान झोपला होतात, बाबा."